मोबाइलवरचा गोल्फ : शेवटचे होल आपणच ठरवा

आरोग्याच्या सदरात गोल्फचे काय काम, असा प्रश्न हे शीर्षक वाचून अनेक वाचकांना पडला असेल. ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की गावोगाव पाण्याचे टँकर फिरू लागतात, तिथे हिरव्यागार गवतावर खेळायचा हा खेळ आला कुठून? गवत आले नाही, हे खरे. खेळ मात्र आला आहे आणि तो मोबाइलमधून आला आहे. मोंढ्यातला हमाल, बियाणे कंपनीतला कारकून, कॉलेजचा विद्यार्थी, सेवानिवृत्त गुरुजी, अशी कितीतरी माणसे माझ्या दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत बोटाने पांढरा चेंडू टोलवताना मी पाहतो. नंबर पुकारला तरी काहींची मान वर होत नाही. तेव्हाच या विषयावर लिहायचे मी ठरवले.

लिहिण्यापूर्वी हा खेळ मी स्वतः शिकून घेतला. रुग्ण काय खातो हे माहीत नसताना पथ्य सांगू नये, तसेच तो काय खेळतो हे माहीत नसताना उपदेशही करू नये. महिनाभर रोज थोडा वेळ खेळलो. खेळ चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात मारामारी नाही, रक्तपात नाही. नेम आणि अंदाज यांनाच महत्त्व आहे. म्हणून ‘खेळू नका’ असे आजच्या लेखात मी सांगणार नाही. नवख्या माणसाने तो कसा खेळावा आणि खेळताना डोळे, मान, हात, झोप व खिसा कसा सांभाळावा, एवढेच सांगणार आहे.

खेळ आहे तरी काय?

गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. तिथे राजा दुसरा जेम्स याच्या काळात, १४५७ साली, संसदेने कायदा करून गोल्फवर बंदी घातली होती. कारण मोठे गमतीचे आहे. तरुण मंडळी या खेळात इतकी रमली की तिरंदाजीचा सराव मागे पडला, आणि राज्याच्या रक्षणाला तर तिरंदाज हवे होते. म्हणजे ‘या खेळापायी पोरं कामधंदा विसरली’ ही तक्रार साडेपाचशे वर्षांहून जुनी आहे. पुढे बंदी गेली, खेळ राहिला. आपल्या देशात १८२९ साली कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला आणि बंगळुरूची अदिती अशोक पदक थोडक्यात हुकून चौथी आली. त्या वेळी आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हा खेळ टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला गेला.

मैदानावर अठरा खळगे असतात, प्रत्येक सव्वाचार इंच रुंद. ठरावीक जागेवरून चेंडू टोलवायला सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत तो खळग्यात घालायचा. सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतच्या या सगळ्या टप्प्याला ‘होल’ म्हणतात. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे आधीच ठरलेले असते. त्या आकड्याला ‘पार’ म्हणतात. पार चार असेल आणि आपण तीन फटक्यांत काम उरकले तर ‘बर्डी’, दोनांत उरकले तर ‘ईगल’, आणि पाच लागले तर ‘बोगी’. एवढे शब्द कळले की निम्मा खेळ कळला.

व्हिडिओ गेममध्ये गोल्फ आला त्यालाही आता चाळीस वर्षे होऊन गेली. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८४ साली काढलेल्या गोल्फमध्ये एका पट्टीवर खूण सरकत असे आणि नेमक्या क्षणी बटण दाबून फटका साधावा लागे. २०१७ साली आलेला ‘गोल्फ क्लॅश’ किंवा त्याच्यासारखे आजचे मोबाइलवरचे खेळ घ्या, तत्त्व तेच आहे. बटणाच्या जागी बोट आले आणि समोर जगाच्या दुसऱ्या टोकाचा प्रतिस्पर्धी आला, इतकाच फरक.

नवख्यांसाठी सात गोष्टी

पहिली गोष्ट, जोर नव्हे, नेम. आपण विटी-दांडूत वाढलेली माणसे. विटी जितकी लांब जाईल तितके आपले गुण जास्त. गोल्फमध्ये गणित उलटे आहे. इथे ज्याचे फटके कमी तो जिंकतो. त्यामुळे नवखा माणूस प्रत्येक वेळी पूर्ण ताकद लावतो आणि चेंडू गवत ओलांडून झाडीत जातो. पहिले काही दिवस मधल्या ताकदीनेच मारा.

दुसरी, काटा ओळखा. बहुतेक खेळांत बोटाने चेंडू मागे ओढला की ताकद ठरते आणि पडद्यावर एक काटा डावी-उजवीकडे हलू लागतो. काटा मधोमध असताना बोट सोडले की चेंडू सरळ जातो. काटा मधे आला असे दिसल्यावर बोट सोडायला गेलात तर क्षणभर उशीर होतो, कारण डोळ्याने पाहून हात हलवायला मेंदूला काही वेळ लागतोच. तेव्हा काट्याची लय मनात धरा. तबल्याच्या ठेक्यावर टाळी द्यावी तसे हे आहे.

तिसरी, वारा वाचा. पडद्याच्या कोपऱ्यात बाण आणि आकडा असतो. वारा समोरून असेल तर थोडी अधिक ताकद हवी, पाठीमागून असेल तर कमी. वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर नेम थोडा डावीकडे धरावा. चेंडू जितका उंच जातो तितका तो हवेत जास्त वेळ राहतो आणि तितका वारा त्याला जास्त ओढतो.

चौथी, काठी निवडा. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात आणि तिचे प्रकार आहेत. लांबच्या फटक्याला ‘ड्रायव्हर’, मधल्या अंतराला ‘आयर्न’, जवळून उंच उचलायला ‘वेज’ आणि शेवटी घरंगळवायला ‘पटर’. खेळ आपल्याला एक काठी आपोआप सुचवतो. ती डोळे झाकून घेऊ नका, अंतर पाहून बदला.

पाचवी, वाळू आणि पाणी टाळा. पाण्यात चेंडू गेला की एक फटका दंड बसतो. तळे ओलांडायची खात्री नसेल तर अलीकडे थांबा आणि पुढच्या फटक्याला ओलांडा. दोन शहाणे फटके एका धाडसी फटक्यापेक्षा स्वस्त पडतात.

सहावी, शेवटच्या हिरवळीवर उतार पाहा. तिथे पडद्यावर ठिपके किंवा रेषा सरकताना दिसतात. त्या ज्या बाजूला वाहतात तिकडे उतार. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला हे चटकन जमते. चेंडू खळग्याच्या थोडासा पुढे जाईल इतका वेग द्या. खळग्यापर्यंत पोचलाच नाही तर आत पडण्याचा प्रश्नच नाही.

सातवी, प्रतिस्पर्ध्याचा फटका पाहून शिका, पण सगळे फटके पाहू नका. या वेळेचा उपयोग कशासाठी करायचा, ते पुढे सांगतो.

मैदान संपते, मोबाइल संपत नाही

आता आरोग्याकडे वळू. खऱ्या मैदानावर अठरा होलांची फेरी पायी पुरी करणारा माणूस सात-आठ किलोमीटर सहज चालतो. चार-एक तास उन्हा-वाऱ्यात असतो. दर फटक्यानंतर चेंडूमागे चालत जातो, लांब पाहतो, पुन्हा उभा राहतो. आणि मुख्य म्हणजे अठरावे होल झाले की खेळ संपतो. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावातल्या मैदानावर १७६४ साली बावीस होलांची फेरी अठरांवर आणली गेली आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. शिवाय सूर्य मावळला की चेंडू दिसत नाही. निसर्गच घरी पाठवतो.

मोबाइलच्या गोल्फमध्ये चालणे शून्य, ऊन-वारा शून्य, आणि शेवट तर नाहीच. एक होल दोन-तीन मिनिटांत संपते आणि ‘पुन्हा खेळा’ हे बटण लगेच समोर येते. हरलो तर भरपाई करायची असते, जिंकलो तर घोडदौड चालू ठेवायची असते. त्यातही चेंडू खळग्याच्या कडेला लागून बाहेर राहिला की हात आपोआप त्या बटणाकडे जातो. साफ हुकण्यापेक्षा थोडक्यात हुकणे माणसाला अधिक ओढून धरते, हे मानसशास्त्राने जुगाराच्या यंत्रांवर अभ्यास करून दाखवले आहे. म्हणून या खेळाची आठवी आणि सर्वांत महत्त्वाची युक्ती अशी की, खेळाने शेवट दिला नाही तर तो आपण द्यायचा. किती होल खेळणार हे पहिला फटका मारण्यापूर्वी ठरवा. वेळेपेक्षा होल मोजणे सोपे जाते, कारण ‘दहा मिनिटे’ कधी संपली ते कळत नाही, पण ‘पाच होल’ कळतात.

डोळे, मान आणि अंगठा

आपली पापणी एरवी मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवते. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. काटा मधोमध आणायचा क्षण पकडताना तर माणूस पापणी रोखूनच धरतो. मग डोळ्यांवरचा पाण्याचा पातळ थर वाळतो. चुरचुर, लाली, संध्याकाळी धूसर दिसणे सुरू होते. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आणि तोंडावर सोडलेला कूलर यांनी त्यात भर पडते. यावर उपाय खेळातच आहे. प्रतिस्पर्धी फटका मारत असतो तेव्हा आपल्याला दहा-वीस सेकंद फुकट मिळतात. तेवढ्यात मान वर करा, दाराबाहेरच्या कडुनिंबाकडे किंवा समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहा, आणि चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, असा नेत्रतज्ज्ञांचा साधा नियम आहे. या खेळात तो दर होलला पाळता येतो. फोन डोळ्यांपासून किमान सव्वा-दीड फूट लांब धरा. चाळिशी ओलांडली असेल आणि फोन लांब नेल्याशिवाय दिसत नसेल तर आधी चष्म्याचा नंबर काढून घ्या. डोके दुखते म्हणून गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणांना गोळीची नव्हे, चष्म्याची गरज असते.

मानेचे गणितही समजून घ्या. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे. मान सरळ असते तेव्हा तेवढाच भार मणक्यावर येतो. मान जसजशी पुढे झुकते तसतसा भार वाढतो. हन्सराज नावाच्या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी २०१४ साली मांडलेल्या गणितानुसार मान साठ अंशांत झुकली की मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोचा ताण येतो. म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी मानेवर ठेवून बसण्यासारखेच. खाटेवर लोडाला टेकून, हनुवटी छातीला लावून तासभर खेळणारा माणूस दुसऱ्या दिवशी मानेला मलम मागायला येतो, यात नवल काय? फोन मांडीवर नको. टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा करा किंवा कोपर टेकवून डोळ्यांसमोर आणा.

तिसरा अवयव अंगठा. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चेंडू मागे ओढायचा आणि सोडायचा, हे दिवसातून शेकडो वेळा झाले की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखू लागते. तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते. फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली हा आजार वर्णिला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही तो होतो. घरी पाहायची खूण अशी : अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला जोराची कळ आली तर खेळ काही आठवडे बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. नवख्याने पहिल्यापासूनच फोन टेबलावर ठेवून तर्जनीने ओढायची सवय लावावी. फटकाही अधिक सरळ जातो, हा माझा अनुभव आहे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेले वजन असलेल्यांसाठी आणखी एक नियम. तीन होल झाली की उठायचे आणि दोन-तीन मिनिटे घरातल्या घरात चालायचे. मैदानावरचा खेळाडू चेंडूमागे चालतो, आपण पाण्याच्या माठापर्यंत तरी चालू. सलग बसणे मोडले तर रक्तातील साखरेला फायदा होतो.

रात्र वैऱ्याची

काही महिन्यांपूर्वी लोखंडाच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. वय पंचविशीचे. डोके दुखते, छातीत धडधडते, कामावर चक्कर येते, अशी तक्रार. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ठीक, हृदयाचा आलेखही ठीक. ‘झोपतोस किती?’ असे विचारल्यावर तो खाली पाहू लागला. पाळी संपवून तो मध्यरात्री घरी यायचा आणि ‘पाचच मिनिटे’ म्हणून गोल्फ उघडायचा. झोपायला साडेतीन-चार. सकाळी आठला घरातली वर्दळ सुरू की पुन्हा जागा. चार तासांच्या झोपेवर तो माणूस लाल तापलेल्या सळयांजवळ उभा राहत होता. बायको दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, यांना काही झालं तर आम्ही काय करायचं?’

मी त्याला कोणतेही झोपेचे औषध दिले नाही. चिठ्ठीवर लिहून दिले : पाळीवरून आल्यावर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, खेळायचे ते दुपारी जेवणानंतर, पाच होल, सलग सात तास झोप. पहिला आठवडा त्याला जड गेला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा चक्कर थांबली होती. गोल्फ मात्र सुटलेला नव्हता, आणि सुटावा अशी माझी अटही नव्हती.

रात्री पडद्याचा प्रकाश मेंदूतल्या झोपेच्या रसायनाला, मेलॅटोनिनला, उशीर करतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे चुरस. हरलेला माणूस डोळे मिटल्यावरही तोच फटका मनात मारत राहतो. झोपण्यापूर्वी किमान तासभर खेळ बंद हवा.

शेतकरी बांधवांना एक सांगणे वेगळे आहे. रात्रीच्या विजेची वाट पाहत विहिरीवर किंवा बोअरवर बसलेला माणूस वेळ जावा म्हणून मोबाइल काढतो. उजळ पडद्याकडे पाहिलेल्या डोळ्यांना अंधार पुन्हा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. वीज आली म्हणून तो लगबगीने उठतो तेव्हा त्याला बांध दिसत नाही, विहिरीचा काठ दिसत नाही, आणि वाटेवरची घोणस किंवा मण्यारही दिसत नाही. रात्री शेतात खेळू नका हे उत्तम. खेळलातच तर पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवा, पायात बूट घाला, आणि बॅटरीचा झोत पायासमोर टाकल्याशिवाय पाऊल उचलू नका. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये, हे तर आपण जाणताच.

नाण्यांचा हिशोब

या खेळांत प्रत्येक सामन्याला काही नाणी फी म्हणून लागतात. जिंकणाऱ्याला दोघांची नाणी मिळतात. ही नाणी खोटी असतात, पण संपली की ती खऱ्या रुपयांनी विकत घ्यायची सोय असते. जिंकल्यावर पेट्या मिळतात. त्या काही तासांनी उघडतात किंवा पैसे देऊन लगेच उघडता येतात. तुम्ही दिवसातून अनेकदा परत यावे, हाच त्यामागचा हेतू. नवख्यांनी तीन पथ्ये पाळावीत. जवळच्या नाण्यांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक फी असलेला सामना खेळू नये. म्हणजे लागोपाठ चार सामने हरलो तरी खेळ चालू राहतो. पेटी उघडल्याची सूचना देणारी घंटी बंद करून टाकावी. आणि फोनमधल्या पैशांच्या व्यवहाराचा गुप्त क्रमांक घरातल्या मुलांना सांगू नये. ‘फुकट नाणी देतो’ म्हणणाऱ्या दुव्याला हात लावू नका. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. उशीर जितका कमी तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

पैसे लावा आणि पैसे जिंका, अशी लालूच दाखवणारा खेळ असेल तर तो गोल्फ असो की पत्ते, त्यापासून दूर राहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्यात अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. कापूस-सोयाबीनच्या पट्टीचे पैसे एका रात्रीत गेले की त्यामागून काय येते, हे मी डॉक्टर म्हणून पाहिले आहे. घरातला माणूस पैसे हरून बसला असेल तर त्या दिवशी त्याला बोल लावू नका आणि एकटेही सोडू नका. पैसा पुन्हा उभा करता येतो.

छंद की व्यसन?

दवाखान्यात मला एक सेवानिवृत्त गुरुजी भेटतात. गुडघ्यांमुळे बाहेर पडणे कमी झालेले. पुण्याला असलेल्या नातवाबरोबर ते रोज संध्याकाळी चार होल खेळतात आणि फोनवर त्याची चेष्टा करतात. त्यांच्या दृष्टीने हा खेळ म्हणजे नातवाची भेटच. मी त्यांना फक्त चष्मा पुसायला सांगतो. त्यामुळे खेळणारा प्रत्येक जण व्यसनी, असे समजू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या अकराव्या सूचीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाच्या आहारी जाण्याचा आजार समाविष्ट केला असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावर ताबा राहत नाही. जेवण, काम, माणसे या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होतो. आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळ चालूच राहतो. साधारण वर्षभर असे चालले तर निदान केले जाते. लक्षणे तीव्र असली तर त्याआधीही. आपल्याच माणसात या खुणा दिसल्या तर फोन हिसकावून भिंतीवर आपटण्याने काही साधत नाही. शांतपणे डॉक्टरांकडे आणा. १४४१६ हा ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते.

मुलांबाबत थोडे कडक राहावे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसवू नये आणि त्याहून कमी तितके चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. जेवण भरवताना हातात फोन देणे तर बंदच करा. शाळकरी मुलाला खेळू द्यायचे असेल तर तो आधी मोकळ्या मैदानात खेळून आलेला असावा. दिवसाच्या उजेडात रोज दोन-एक तास बाहेर राहणाऱ्या मुलांत चष्मा लागण्याचे प्रमाण कमी राहते, असे अभ्यासांत दिसले आहे. आणि विटी-दांडूला चार्जिंग लागत नाही.

थोडक्यात

खेळ शिका, मधल्या ताकदीने मारा, वारा पाहा, प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत लांब पाहा, फोन टेबलावर ठेवा, तीन होलांनंतर उठा, झोपेच्या आधी तासभर थांबा. सकाळी मोती तलावाच्या बाजूला किंवा आपल्या गावच्या शिवारात अर्धा-पाऊण तास चाला. मोबाइलच्या गोल्फमध्ये जे चालणे राहून जाते ते तिथे भरून काढा. आणि खेळ उघडण्यापूर्वी एका कागदावर तीन आकडे लिहून तो फोनजवळ ठेवा : किती होल, किती वाजेपर्यंत, आणि किती रुपये. पहिले दोन आकडे आपापल्या सोयीने ठरवा. तिसरा मात्र शून्यच असू द्या.